आजीची नोंद

पाटणला केरा नदी कोयनेला मिळते. आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी दुःख झाले असेल ती मंडळी दहाव्याच्या सकाळी नदीकाठी जमतात, पिंड मांडतात आणि कावळ्याची वाट पाहत उभी राहतात. कावळा शिवण्यास विलंब लागला, की गेलेल्या जिवाची कोणती इच्छा मागे राहिली असेल याविषयी आप्तस्वकीयांत कुजबुज सुरू होते. आणि पिंड आजीचा असेल, तर धाकट्या नातवाच्या लग्नापासून गोठ्यातल्या गाभण म्हशीपर्यंत ज्या ज्या गोष्टींची हमी हात जोडून तिला दिली जाते, त्या सर्व दुसऱ्या कोणाच्या तरी असतात. तिची स्वतःची, केवळ तिच्यापुरती अशी एखादी इच्छा असावी, हे त्या गर्दीत क्वचितच कोणास सुचते.

आजीवर प्रेम नसते म्हणून असे होत नाही. आपल्याकडे आजीइतके निर्हेतुक प्रेम दुसऱ्या कोणत्याही नात्याच्या वाट्यास आलेले नाही. परंतु ज्या साधनांनी समाज आपल्या मृतांची स्मृती जतन करतो, त्या धर्मविधीत आणि सरकारी दप्तरात, ती नेहमी कोणाची तरी पत्नी किंवा माता म्हणून उभी आहे. आणि म्हणून तिच्या मृत्यूनंतर दोन पिढ्यांच्या आत तिचे नावसुद्धा विस्मृतीत जाते, असे मला वाटते.

श्राद्धविधीने पितामही आणि मातामही या दोघींनाही स्थान दिले आहे, हे खरे. भाद्रपदाच्या वद्य पक्षात घरोघर म्हाळ घातला जातो, खीर-वडे आणि आमसुलाची चटणी होते, आणि पहिला घास कौलांवर कावळ्यासाठी ठेवला जातो. त्याच पक्षातील नवमी ही अहेवपणी गेलेल्या स्त्रियांसाठी राखलेली आहे. तिला अविधवा नवमी म्हणतात. पुढे आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्या दिवशी, लेकीच्या मुलाने आजेपाडाचे श्राद्ध करावयाचे असते. पण त्या दिवसाचे मानकरी आजोबा. पतीच्या पश्चात तीस-चाळीस वर्षे घराचा भार वाहून गेलेल्या आजीला मात्र अविधवा नवमीचा मान नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांस मनाई केली. जिवंतपणी जो भेद अन्याय्य ठरला, तो मृत्यूनंतरच्या स्मरणात तरी कशासाठी राखावा?

सरकारी कागदांची कथा याहून निराळी नाही. कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि ती देण्यास ग्रामपंचायतीत गेलेल्या नातवाला पहिल्या दोन-तीन रकान्यांतच अडखळावयास होते. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते. शिधापत्रिकेवर अंदाजाने टाकलेले वय तेवढे असते. लग्नात नाव बदललेले असल्यामुळे माहेरचे नाव अनेकदा तिच्याबरोबरच नाहीसे झालेले असते. जमिनीचा वारसा तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावा लागतो, त्याची नोंद प्रथम गाव नमुना ६-क मध्ये होते आणि मागाहून फेरफार मंजूर होऊन सातबारावर नावे चढतात; परंतु तो सातबारा जिने आयुष्यभर कसला, तिचे नाव त्यावर पतीच्या मृत्यूपूर्वी सहसा आलेले नसते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे, हा शुभारंभच होय. मात्र आजच्या आजींना त्याचा लाभ होण्यासारखा नाही.

पाटण तालुक्यात तर हा विसर विशेषच खुपतो. येथील डोंगरकपारींतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबावयास गेले, आणि मागे राहिलेल्या स्त्रियांनी भाताचे वाफे, वरी-नाचणीची उतरंड, गुरे, सावकार आणि सासू-सासरे हे सर्व सांभाळले. मनिऑर्डर पुरुषाच्या नावाने यावयाची आणि तिच्या अंगठ्यावर घेतली जावयाची. पुढे कोयनेचे धरण झाले. शिवसागराच्या पाण्याखाली गावे गेली, आणि विस्थापितांना जिल्ह्याबाहेर दूरदूरच्या भागांत वसावे लागले. मोबदल्याचे आणि पर्यायी जमिनीचे कागद प्रायः खातेदार पुरुषांच्या नावाने झाले. पण ज्या स्त्रीचे माहेर बुडाले, तिच्या नुकसानीसाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता, कारण माहेर ही तिची मिळकत नव्हतीच. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास कोयनानगरचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेंच्या आसपास माणसे मरण पावली. ती वेळ खेड्यातील बायांच्या उठण्याची, जात्यावर बसण्याची. वयाचा दाखला नसलेल्या येथल्या म्हाताऱ्या मुलांचे जन्म आणि माणसांची मरणे अजूनही भूकंपाच्या आधी की मागाहून, अशा हिशेबाने सांगतात.

आणि जाते हेच तिचे खरे दप्तर होते. पहाटेच्या अंधारात, पुरुषमाणसे निजलेली असताना, दळणाच्या लयीवर जी ओवी ती गाई, तिच्यात माहेरची वाट, भावाची बैलगाडी, सासूची बोली, लेकीचा निरोप आणि पंढरीचा विठोबा हे सारे, कोणाचीही परवानगी न घेता, उत्तमपुरुषी एकवचनात येत असे. ज्या स्त्रीला चारचौघांत 'मी' म्हणण्याचा प्रसंग आला नाही, तिला जात्यापाशी तो रोज येई. सांगली जिल्ह्यातील बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी हे धन वेळीच ओळखले. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने त्यांनी संपादिलेले संग्रह म्हणजे हजारो अनाम आज्यांची स्मृतिचिन्हेच आहेत. मागाहून पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन येथलेच झालेले गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आणि त्यांचे मोठेपण असे की, ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व गाव टिपून ठेवण्याची काळजी त्यांनी घेतली. लोकसाहित्य अपौरुषेय म्हणून गौरविणारे विद्वान पुष्कळ झाले. पण ओवीला कर्तृत्व असते आणि कर्तीला नाव असते, हा न्याय या दोघांनी केला. पिठाची गिरणी गावोगाव आली तेव्हा स्त्रियांचे खांदे मोकळे झाले, ते उत्तमच झाले. परंतु त्याबरोबर ओवी म्हणण्याचे कारणही सरले, आणि आज जी आजी जाते, ती न लिहिलेल्या शेकडो ओव्या घेऊन जाते.

तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ अनेक घरांत राहते. ती मुंबईच्या खोलीवर नेली जाते आणि नातवंडे भांडून घेतात. त्याविषयी अधिक काय लिहावे. ज्याने तिची ऊब घेतली आहे त्यास ते ठाऊकच आहे.

अलीकडे या भागात काही कुटुंबे रक्षा नदीत न सोडता शेतात विसर्जन करून तेथे झाड लावतात. ती प्रथा मला मनापासून आवडते. मात्र झाडाजवळ तिचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि माहेरचे गाव लिहिलेले असावे. वर्षश्राद्धास जमलेल्या नातलगांपैकी तिच्या वयाची एखादी बहीण, जाऊ किंवा नणंद असतेच. पंगती उठल्यावर तिच्यापाशी बसून, आजी लहानपणी कशी होती, कोणत्या साली या घरात आली, जात्यावर काय म्हणे, हे विचारून वहीत उतरवून घेण्यास एक दुपार पुरते. आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. तेरावा आटोपतो न आटोपतो तोच लेकींना तालुक्याला नेऊन, भावांच्या प्रेमाची आण घालून, हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेण्याचा जो प्रघात पडला आहे, तो थांबला पाहिजे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली, आणि आजीच्या नावावर गुंठाभर जमीन असली तरी तीवर मुलाइतकाच मुलीचा अधिकार आहे. ६-क च्या नोंदवहीत आजीच्या नावाखाली तिच्या लेकींची नावे सरळ, न वगळता, लिहिली जावीत.