दूध रात्री दोनपर्यंत

सकाळी ६.४०
मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाचं तळघर. एमआरआयच्या दाराबाहेर तीन वर्षांचा पोरगा बापाच्या खांद्यावर पाय झाडतोय. रात्री दोनला शेवटचं दूध, सहाला दोन घोट पाणी. भूल द्यायची म्हणून आता काहीच नाही. बाप नाशिककडचा, सेंट्रिंगच्या कामावर. ७०० रुपये रोज. आज तिसरा खाडा. आजीच्या पिशवीत शिधापत्रिकेच्या झेरॉक्स आणि इकोचा रिपोर्ट: हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीत गाठ. कसली, ते इकोत ठरलेलं नाही.

७.१५
"अंगावर धातू?" टेक्निशियन ताई विचारतात.
"काही नाही," आजी.
ताई शर्ट वर करतात. चांदीचा करदोटा. पायात वाळे. गळ्यात काळ्या दोऱ्यात सप्तशृंगीचं पदक.
"एवढं राहू द्या की."
"आजी, आत चुंबक आहे. तो रात्रीसुद्धा चालूच असतो."
वाळे साबण लावून निघतात. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत जातं. आजी दोनदा मोजून घेते.

८.००
वजन १२ किलो. सुई पिवळी, २४ नंबरची, बारीक. शीर दुसऱ्या खेपेला सापडते. भूलतज्ज्ञ मास्क धरतात. पाय झाडणं थांबतं. बाप बाहेर.

८.२०
कानात बोळे, वरून हेडफोन. छातीवर चार चिकटपट्ट्या, ईसीजीच्या. मशीन ठोक्याच्या तालावर चित्र घेतं. ताल चुकला की चित्र पुसट. पण चुंबकात ईसीजीची एक लाट नसती फुगते आणि मशीन तीच ठोका समजतं. ताई आत जातात, पट्ट्या बोटभर सरकवतात. तिसऱ्या वेळी जमतं.

८.४५
खडखडाट सुरू. मिनिटाला ११८ ठोके. एका चित्रासाठी अनेक ठोके जोडावे लागतात, आणि तेवढ्यात छाती हलता कामा नये. "श्वास थांबवा," ताई माइकवर सांगतात. भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटर थांबवतात. दहा सेकंद. "सोडा." पुन्हा. पुन्हा.

९.२०
गॅडोलिनियम. किलोमागे ०.२ मिली, म्हणजे २.४ मिली. एवढ्याशा औषधासाठी हात थांबवून ताई आणि भूलतज्ज्ञ आकडा तपासतात. पडद्यावर उजवा कप्पा उजळतो, मग फुप्फुसं, मग डावा कप्पा, मग भिंतीचा स्नायू. गाठ काळीच. तिच्यात रक्त फारसं जात नाही.
मग दहा मिनिटं थांबायचं. कुणी बोलत नाही.
नंतरच्या चित्रात उलटं. स्नायू काळा, गाठ खडूसारखी पांढरी. औषध हळूहळू तंतूंत मुरून बसलंय.

९.५५
पोरगा बाहेर. बाप दारातच.
"ताई, काय दिसलं?"
"चित्रं चांगली आलीत, दादा. बाकी डॉक्टर सांगतील."

दुपारी १.४०
ताईंचा डबा. हृदयाच्या एका तपासणीला दीड तास जातो. तेवढ्यात तीन गुडघे होतात. बाहेर बाकावर सहा गुडघे आणि दोन कमरा. आयामावशी चादरी बदलतात. कंत्राटावर, महिन्याला हातात १४,०००.

४.३०
रेडिओलॉजिस्ट रिपोर्ट सांगतात, ऑपरेटर टाइप करते. लहान मुलांच्या हृदयात सर्वांत जास्त आढळते ती रॅब्डोमायोमा. ती बहुतेकदा वाढत्या वयात आपोआप लहान होते, कापावी लागत नाही. ही तशी दिसत नाही. एकच गाठ, रक्त कमी, शेवटी पांढरी: फायब्रोमा असावी. ती विरत नाही, ठोक्याचा ताल बिघडवू शकते. रिपोर्ट सर्जनकडे जातो. छातीला अजून सुरी लागलेली नाही.

५.५०
वॉर्डात पोरगा बिस्किट चहात बुडवून खातोय. करदोटा पुन्हा कमरेला, पदक गळ्यात.
खाली ताई उद्याच्या यादीतला पहिला नंबर फिरवतात. दीड वर्षाची मुलगी.
"आई, नीट ऐका. वरचं दूध रात्री दोनपर्यंत. अंगावरचं पाजत असाल तर चारपर्यंत. पाणी सहापर्यंत. आणि वाळे घरीच काढून या."