वाळूत गाडी घालायची, पण घोळक्यानं!

तुमच्यापैकी कितीतरी जणींचे मुलगा-सून, भाऊ-भावजय दुबई, शारजा नाहीतर अबू धाबीला असतील. थंडीच्या दिवसांत त्यांच्याकडून फोटो येतात. मागं केशरी वाळूचे डोंगर, पुढं ओळीनं उभ्या आठ-दहा मोठ्या गाड्या, प्रत्येक गाडीवर उंच काठीला लावलेलं निशाण, आणि डोक्याला फडकं बांधून बॉनेटला टेकलेली आपली मंडळी! ‘हे कसलं नवं खूळ?’ असं घरातली वडीलधारी विचारतात. खूळ म्हणा की हौस म्हणा, तिकडे ती चांगलीच रुजली आहे.

पर्यटकांना जीपमध्ये बसवून वाळवंटात गरगर फिरवतात आणि रात्रीचं जेवण घालून परत आणून सोडतात, तो प्रकार वेगळा. तिथं चालवणारा पट्टीचा असतो, आपण फक्त दांडा धरून ओरडायचं. इथं गाडी आपली आणि चालवायचीही आपणच. सुटीच्या दिवशी पहाटे उठून, आदल्या दिवसापर्यंत तोंडओळखही नसलेल्या माणसांच्या जोडीनं! आणि मैत्रिणींनो, यात बायकाही गाडी चालवतात बरं का. मागच्या सीटवर डबे सांभाळत बसत नाहीत. हे लिहायचं कारण मुख्यतः तेच.

एकट्यानं का नाही?

दुबईहून हत्ताच्या रस्त्याला लागलं की लाल वाळूचा प्रदेश सुरू होतो. वाळूच्या कणांवर लोहाचा गंज असतो, म्हणून हा रंग. त्याच रस्त्यावर अल बदायरची ‘बिग रेड’ नावाची टेकडी आहे, जवळजवळ शंभर मीटर उंच. अबू धाबीच्या दक्षिणेला लिवाजवळ तर ‘तल मोरीब’ म्हणून वाळूचा डोंगर आहे, तो तीनशे मीटरच्या आसपास. नवशिक्यांना अर्थात तिथं नेत नाहीत. लहबाब, अल फाया अशा ठिकाणी कमी उंचीची टेकाडं बघून धडे देतात.

रस्त्यावरून हे सगळं अगदी हाताशी असल्यासारखं दिसतं. पण पाच टेकाडं ओलांडली की रस्ता दिसत नाही, सगळीकडे सारखीच वाळू, आणि फोनला रेंज असेलच असं नाही. उन्हाळ्यात तिथं पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा जागी एकटी गाडी रुतली आणि जवळ पाण्याच्या दोनच बाटल्या असल्या, तर मग ती हौस राहत नाही. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर हौसेनं गाडी वाळूत नेतात आणि भरती आली की ट्रॅक्टरसाठी धावाधाव होते, ते आपण वाचतोच. वाळवंटात ट्रॅक्टरवाला नसतो. तिथं तुमच्या मागची गाडी हाच तुमचा ट्रॅक्टर.

म्हणून गट. ऑक्टोबर ते एप्रिल हा हंगाम. बरेचसे गट हौशी लोकांनी चालवलेले असतात आणि फी घेत नाहीत. गाडी मात्र चारही चाकांना जोर मिळणारी, खऱ्या अर्थानं ‘फोर व्हील’ लागते. नुसती उंच, रुबाबदार गाडी चालत नाही. भाड्याची गाडी तर बहुतेक कंपन्या वाळूत नेऊच देत नाहीत. आपल्या विम्यात वाळवंटातलं नुकसान धरलेलं आहे का, तेही आधी वाचून घ्यावं.

गटात दिंडीसारखाच प्रत्येकाचा क्रम ठरलेला असतो. सगळ्यांत पुढं वाट काढणारा म्होरक्या. त्याच्या लगेच मागं नवशिके, म्हणजे त्यांना त्याची ताजी चाकोरी मिळते आणि त्याचं त्यांच्यावर लक्षही राहतं. अगदी शेवटी एक जाणता माणूस, दोर-फावडी घेऊन. नियम एकच, पण तो सोन्यासारखा आहे : आरशात मागची गाडी दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली तर बरी जागा बघून आपण थांबायचं. आपण थांबलो की पुढचा थांबतो, त्याच्या पुढचाही थांबतो, आणि बघता बघता सगळी माळ थांबते. कुणी हरवायचा प्रश्नच येत नाही.

आधी हवा सोडा

वाळूत उतरण्यापूर्वी सगळी मंडळी चाकांपाशी उकिडवी बसतात आणि फुस्स फुस्स आवाज सुरू होतो. रस्त्यावर चाकात पस्तीस पौंडांच्या आसपास हवा असते, ती पंधरा-सोळापर्यंत खाली आणायची. पहिल्यांदा बघणाऱ्या बाईला वाटतं, चांगली गाडी पंक्चर करून ठेवली! पण गंमत अशी की हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांबट होतो आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं. उंटाचा तळवा बघा. टाकला की पसरतो, म्हणून एवढं जनावर वाळूत रुतत नाही. घोड्याचा खूर मात्र आत जातो.

राल्फ बॅग्नॉल्ड नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १९२० नंतरच्या काळात इजिप्तच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घालून या युक्त्या पक्क्या केल्या. चाकातली हवा कमी करायची, रुतल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या, आणि एकट्यानं कधी जायचं नाही. वाळू वाऱ्यानं कशी हलते यावर त्यानं १९४१ मध्ये लिहिलेला ग्रंथ शास्त्रज्ञ अजून बघतात. मंगळावरच्या वाळूसाठीसुद्धा!

आणि तरी, आमची गाडी दणकट आहे, पंचवीस पौंड पुरेत, असं म्हणणारे यजमान प्रत्येक गटात एकदोन असतातच. पहिल्या तासाभरात फावडं त्यांच्याच गाडीशी चाललेलं असतं. मात्र दहा पौंडांच्या खालीही जाऊ नये. जोरात वळण घेतलं तर टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना एकदम वळायचं नाही, हे नवशिक्यानं मनावर कोरून ठेवावं.

चढ, धार आणि उतार

वाळूच्या टेकडीला दोन अंगं असतात. ज्या अंगानं वारा येतो ते मंद चढाचं आणि दाबून बसलेलं. पलीकडचं अंग उभं आणि भुसभुशीत. ताटात रवा ओतून बघा. ढिगाचा उतार ठरावीक मापापर्यंतच उभा राहतो, त्यावर आणखी रवा घातला की घसरतो. वाळूचंही तसंच, बत्तीस ते चौतीस अंशांपर्यंत ती उभी राहते. या दोन अंगांच्या मधली धार विळीच्या पात्यासारखी असते, आणि नवशिक्याची खरी परीक्षा तिथंच.

चढताना ताकदीपेक्षा लय महत्त्वाची. पायथ्यापासून बेताचा वेग घ्यायचा आणि तो मोडू द्यायचा नाही. गाडी नाकासमोर सरळ ठेवायची. माथा जवळ आला की पाय हलका करायचा, म्हणजे गाडी धारेवरून उडत नाही, अलगद पलीकडे झुकते. त्या क्षणी समोर फक्त बॉनेट आणि आभाळ दिसतं. पोटात गोळा येतो, तो सगळ्यांनाच येतो. उतरतानाही सरळच. करकचून ब्रेक नाही, खालच्या गिअरवर गाडी आपली आपण उतरते. मागची बाजू घसरू लागली तर तोंड उताराकडे वळवून किंचित वेग द्यायचा. मन सांगतं वर वळव, पण मनाचं ऐकायचं नाही.

चढावर दम संपला तर? वळायचं नाही! जशा आलात तशाच, आपल्याच चाकोरीतून मागं सरळ खाली यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. तीनदा परत यावं लागलं म्हणून कुणी हसत नाही. अर्ध्या चढावर गाडी आडवी घातली की ती कलंडते. या खेळातले वाईट अपघात बहुतेक असेच होतात. दुसरा धोका धारेपलीकडचा. पुढची गाडी उतरून बाजूला झाल्याचं रेडिओवर कळल्याशिवाय मागच्यानं चढायचं नाही. गाडीवरचं ते निशाण शोभेचं नसतं. पलीकडून येणारी गाडी दिसण्याआधी तिचं निशाण दिसतं.

पहाटे निघण्यालाही कारण आहे. दवानं वाळू जरा घट्ट असते आणि तिरप्या उन्हात सावल्या पडतात, त्यामुळे खड्डा कुठं, उंचवटा कुठं ते कळतं. भर दुपारी सावल्या पुसल्या गेल्या की सगळी वाळू सपाट कागदासारखी दिसते. नवशिक्यांनी त्याच्या आत बाहेर पडलेलं बरं.

रुतली तर

रुतणार तर आहेच! चाक जागच्या जागी फिरू लागलं की पाय ताबडतोब काढायचा. जोर दिला की चाक आपली कबर आपणच खणतं. खाली उतरून बघायचं, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढायची, हवा आणखी दोन पौंड सोडायची आणि हळूच मागं घ्यायची. नाहीच निघाली तर दोर. दोर ओढण्यासाठी पक्का बसवलेल्या हुकालाच लावायचा. ट्रेलर जोडायला मागं जो लोखंडी गोळा असतो त्याला कधीही नाही. तो ताणानं तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, आणि असे जीव गेलेले आहेत. गाडी ओढताना माणसांनी दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर उभं राहायचं. पोरांना तेवढ्या लांब धरून ठेवायला एक माणूस नेमावा. हे काम बहुतेक बायकांकडे येतं. ते दोर बांधण्याइतकंच जबाबदारीचं आहे, ‘नुसतं उभं राहणं’ नव्हे.

आता मूळच्या साताऱ्याच्या, सध्या शारजात राहणाऱ्या एका बाईंनी सांगितलेली हकीकत. त्यांच्या गटाच्या म्होरक्याचा दंडक होता की प्रत्येक गाडीत चालवणारी माणसं दोन हवीत. यजमान म्हणत, हिला कशाला त्रास? तरी दर फेरीला सोप्या पट्ट्यात अर्धा तास बाई चालवत. एके दिवशी गाडी धारेवरून दणकन आदळली आणि यजमानांच्या कमरेत उसण भरली. पाय उचलवेना. डांबरी रस्ता सात-आठ किलोमीटर दूर. यजमानांना मागच्या सीटवर निजवलं, मुलीनं रेडिओ हातात धरला आणि बाई पुढं बसल्या. म्होरक्यानं वाट बदलून सोपी घेतली आणि एकेक चढ रेडिओवर सांगत नेलं. मधे एकदा गाडी रुतली, ती ओढून काढली. दीड तासानं रस्ता लागला. हात इतके थरथरत होते, की चक्र घट्ट धरताच येत नव्हतं, असं त्या सांगतात. तेच बरं झालं! वाळूत चक्र सैलच धरायचं असतं आणि अंगठे बाहेर ठेवायचे, नाहीतर हिसक्यानं दुखावतात.

सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवण्याची परवानगी मिळाली ती २४ जून २०१८ रोजी. आणि डकार रॅली ही वाळवंटातली अवघड शर्यत जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट यांनी २००१ सालीच, पुरुषांना मागं टाकून जिंकलेली आहे. आपल्याला शर्यत जिंकायची नाही. पण वाळवंटात आपल्या माणसाला काही झालं तर गाडी बाहेर काढता यावी, एवढं मागणं काही जास्त नाही.

बरोबर काय न्यावं

माणशी चार-पाच लिटर पाणी. दशम्या, चटणी, संत्री. गाडी लागणाऱ्यांना आवळासुपारी. काचेच्या बरण्या नकोत, आणि डबे एका पेटीत घालून पेटी पट्ट्यानं बांधावी. सुटा डबा धारेवर उडून डोक्यात बसतो. गरोदर बायका, तान्ही मुलं आणि पाठदुखीवाले यांनी यायचंच नाही, यात भीड नको. बाकीच्यांनी पट्टे लावलेच पाहिजेत.

वाटेत हिरवीगार झाडं एकटी उभी दिसतात. त्यांना तिकडे ‘घाफ’ म्हणतात. २००८ मध्ये तो अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष ठरला. ही दुसरी-तिसरी कुणी नाही, आपली दसऱ्याची शमी! तिच्या सावलीत डबे खुशाल सोडा, पण प्लास्टिकची पिशवी मागं ठेवू नका. उंट ती गिळतात, पोटात गोळा होतो आणि जनावर तडफडून मरतं.

डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी चारही चाकांत हवा पुन्हा भरून घ्यायची. कमी हवेवर वेगानं गेलं की टायर तापून फुटतो. छोटा पंप गाडीतच असतो, एका चाकाला पाचेक मिनिटं लागतात, तेवढ्यात थर्मासमधला चहा होतो. घरी आल्यावर गाडीतली सतरंजी ओल्या फडक्यानं पुसू नये, वाळू धाग्यांत घट्ट बसते. आधी उन्हात वाळवून काठीनं झटकावी, मग ब्रश फिरवावा.