लिव्हरचं बिल एकदाच येत नाही

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. विषय जड आहे: लिव्हर सिरोसिस आणि हॉस्पिटलचा खर्च.

आधी एक गैरसमज. सिरोसिस म्हणजे दारूच, असं नाही. हिपॅटायटिस बी, सी किंवा फॅटी लिव्हरमुळेही लिव्हर असंच कडक होतं. त्यामुळे पेशंटच्या घरच्यांना 'पीत होते का हो?' हे विचारणं थांबवा, प्लीज.

आता बिल. पोटात पाणी झालं असेल तर बिलात 'ह्युमन अल्ब्युमिन' ही ओळ दिसते आणि तिथेच घरच्यांचे डोळे मोठे होतात. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं, तर प्रत्येक लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. नाहीतर बीपी पडतं, किडनी बसू शकते. 100 मिलीच्या 20 टक्केवाल्या बाटलीत 20 ग्रॅम असतं. म्हणजे आठ लिटर काढले की तीनेक बाटल्या, आणि एकेक बाटली हजारोंच्या घरात. हे प्रोटीन माणसाच्या रक्तातून वेगळं करावं लागतं, म्हणून महाग. त्या पाण्यात इन्फेक्शन झालं तर 60 किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी 90 ग्रॅम, तिसऱ्या दिवशी 60. झाल्या साडेसात बाटल्या! बेड, अँटिबायोटिक वेगळं.

पण मला जास्त खुपतं ते हे, की पाणी परत भरतं आणि पेशंट परत ॲडमिट होतो. त्रास सुरू व्हायच्या आधीच्या टप्प्यात निम्मे पेशंट बारा वर्षांहून जास्त जगतात. पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं की हाच आकडा साधारण दोन वर्षांवर येतो, ट्रान्सप्लांट झालं नाही तर.

यातल्या बऱ्याच फेऱ्या स्वस्तात टळतात. रोज सकाळी वजन करा आणि फोनमध्ये लिहा. तीन-चार दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन. लोणचं-पापड बंद. लॅक्ट्युलोज दिलं असेल तर दिवसाला दोन-तीनदा पातळसर शौचाला व्हायलाच हवं. 'जुलाब होतायत' म्हणून आई ते परस्पर बंद करते आणि चार दिवसांनी बाबा घरच्यांनाच ओळखत नाहीत. कंबरदुखीची गोळी मेडिकलमधून आणून देऊ नका, ती किडनीला महागात पडते. आणि रक्ताची उलटी झाली तर घरगुती उपाय नकोत, रात्र असली तरी सरळ 108.

पैशांचं म्हणाल तर ॲडमिट करतानाच 'आरोग्यमित्र कुठे बसतात?' असं विचारा. महात्मा फुले योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये ते असतात. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. कोणता उपचार योजनेत बसतो, हे त्यांच्याकडून डिस्चार्जच्या दिवशी नाही, पहिल्याच दिवशी कळून घ्या.