चौकोनी संकेत : त्याची सोय आणि त्यांतील धोका

भोरच्या बाजारपेठेंतील किराणा दुकान असो कीं वेल्ह्याच्या वाटेवरील चहाची टपरी असो, गल्ल्यापाशीं काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटविलेला बहुधा आढळतो. त्यास क्यूआर कोड असें म्हणतात. 'क्विक रिस्पॉन्स', म्हणजे तत्काळ उत्तर, या शब्दांचीं हीं आद्याक्षरें होत. लहान मुलेंही आतां तो ओळखतात; परंतु तो काय आहे व त्यावर कितपत विश्वास ठेवावा, याचा विचार थोडेच लोक करितात.

या संकेताचा जन्म १९९४ सालीं जपानांत झाला. डेन्सो कंपनीच्या कारखान्यांत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याचें काम फार वाढलें होतें. पूर्वींच्या उभ्या रेघांच्या पट्टींत सुमारें २० अक्षरेंच मावत. कारण तींत माहिती एकाच दिशेनें लिहिलेली असे. मासाहिरो हारा या अभियंत्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं ती आडवी व उभी अशी दोन्ही दिशांनीं मांडिली, आणि एका चौकोनांत ७,०८९ पर्यंत अंक मावूं लागले. तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोन यंत्रास दिशा दाखवितात. म्हणून फोन कसाही धरला तरी वाचन होतें. शिवाय माहितीबरोबर गणिती रीतीनें कांहीं पूरक माहिती भरलेली असते. तिच्या योगानें, संकेताच्या प्रकाराप्रमाणें, ३० टक्क्यांपर्यंत भाग मळला अथवा फाटला तरी मूळ मजकूर परत मिळवितां येतो.

याचे लाभ उघड आहेत. आपल्या देशांत २०१६ सालीं यूपीआय पद्धति सुरू झाली, व तेव्हांपासून इंद्रायणी तांदूळ विकणाऱ्या शेतकऱ्यासही सुट्या पैशांची अडचण फारशी उरली नाहीं. विद्येच्या क्षेत्रांतील उदाहरण तर आपल्या महाराष्ट्राचेंच आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांस हे संकेत जोडून मुलांस कविता ऐकण्याची व धडे पाहण्याची सोय करून दिली. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे संकेत आले, आणि २०२० सालीं डिसले यांस 'ग्लोबल टीचर प्राइझ' हें जागतिक पारितोषिक लाभलें.

आतां दुसरी बाजू पाहूं. रायगडापूर्वीं आपल्या वेल्ह्याजवळचा राजगड ही शिवछत्रपतींची राजधानी होती. त्या काळच्या राजपत्राच्या शिरोभागीं मुद्रा व अखेरीस मोर्तब असे. मुद्रेवरून पत्र कोणाचें तें कळे, आणि मोर्तबामुळें मागाहून मजकूर वाढविण्यास वाव राहत नसे. आपल्या चौकोनास यांपैकीं कांहींच नसतें. आधारपत्रावरील संकेतांत अंकीय स्वाक्षरी असते खरी; परंतु दुकानांतील साधा संकेत कोणासही छापतां येतो, आणि मनुष्याच्या डोळ्यास तो वाचतां येत नाहीं. हेंच सर्व धोक्यांचें मूळ होय.

लबाड मनुष्य खऱ्या संकेतावर आपला कागद चिकटवितो, आणि दुकानदाराचे पैसे परभारें त्याच्या खात्यांत जातात. अमेरिकेंतील ऑस्टिन शहरीं जानेवारी २०२२ मध्यें वाहनतळाच्या पैसे भरण्याच्या यंत्रांवर असेच खोटे संकेत सांपडले. दुसरा कोणी फोन करून म्हणतो, "मीं पाठविलेला संकेत स्कॅन करा, म्हणजे तुम्हांस पैसे मिळतील." तिसरा एखाद्या बनावट संकेतस्थळावर नेऊन बँकेची गुप्त माहिती काढून घेतो.

यांवर उपाय सोपे आहेत. पैसे देण्यापूर्वीं पडद्यावर उमटलेलें नांव दुकानदारास वाचून दाखवावें. पैसे घेण्यास पिन, म्हणजे गुप्तांक, कधींही लागत नाहीं. तो देण्यास लागतो. अनोळखी संकेतावरून कोणतेंही अ‍ॅप उतरवूं नये. दुकानदारांनीं रोज सकाळीं आपला संकेत तपासावा. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. जितका विलंब, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

विद्यार्थीमित्रहो, घरांत आजीआजोबांचा फोन पुष्कळदां तुमच्याच हातीं असतो. दुधाचे अथवा भाताचे आलेले पैसे हीच कित्येक घरांची वर्षाची पुंजी असते. ती एका क्षणांत नाहींशी होऊं नये, म्हणून वरील चार गोष्टी त्यांस शांतपणें, त्यांच्या शब्दांत समजावून सांगा. वाचतां न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवूं नये, असें आपले वडीलधारे सांगत आले. या चौकोनासही तोच नियम लागू आहे.