माया, मर्जी आणि खुशामत : इंग्रजीतील काही शब्द

दुसऱ्याच्या मनात आपल्याविषयी सद्भाव निर्माण व्हावा, ही इच्छा मनुष्यमात्राला स्वाभाविक आहे. ती व्यक्त करणारे शब्द प्रत्येक भाषेत असतात. परंतु प्रत्येक भाषा या शब्दांची वाटणी आपापल्या रीतीने करते. इंग्रजीत ही वाटणी मुख्यतः हेतूवर आधारलेली आहे. मिळालेला सद्भाव सहज मिळाला की डाव आखून मिळविला, हे शब्दाच्या निवडीवरूनच स्पष्ट होते. कोशाच्या आधारे इंग्रजी शिकणाऱ्याची चूक नेमकी येथेच होते.

समजा, एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक नोकरी सोडून जाणाऱ्या तरुण शिक्षकाला प्रशस्तिपत्र लिहून देत आहेत. त्याने सर्वांची मर्जी संपादन केली, असे त्यांना म्हणावयाचे आहे. कोशात त्यांना ‘इन्ग्रेशिएट’ हे क्रियापद सापडते आणि ते त्याचा निःशंकपणे उपयोग करतात. ते पत्र वाचणारा जाणकार मात्र वेगळाच अर्थ घेतो : हा मनुष्य वरिष्ठांच्या पुढे पुढे करणारा आहे. स्तुतीचे वाक्य अशा रीतीने आरोपाचे वाक्य होते आणि नोकरी का मिळाली नाही, हे त्या तरुणाला कधीच कळत नाही.

येथे योग्य शब्द ‘एन्डिअर’ हा होता. त्याच्या मुळाशी ‘डिअर’ हे जुने विशेषण आहे. त्याचे प्रिय आणि महाग असे दोन अर्थ आहेत. जे मोलाचे तेच लाडके, हा विचार त्यात सामावलेला आहे. ‘एन्डिअर’ म्हणजे प्रिय करणे. या क्रियापदाचा कर्ता पुष्कळदा मनुष्य नसून त्याचा एखादा गुण असतो : त्याच्या साधेपणाने त्याला सर्वांचा लाडका केले, अशी ती वाक्यरचना असते. लोभ मिळविण्याचा खटाटोप त्यात अभिप्रेत नाही. मराठीतील ‘लळा लागणे’ किंवा ‘आपलेसे करणे’ हे प्रयोग त्याला जवळचे आहेत.

‘इन्ग्रेशिएट’ हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत रूढ झाला. त्याचे मूळ कृपा या अर्थाच्या ‘ग्रातिया’ या लॅटिन शब्दात आहे. मुळात दोष काहीच नाही. दोष वापराने चिकटला. आज या शब्दातून हेतुपुरस्सर केलेली जवळीक सूचित होते. एखाद्याचे हास्य ‘इन्ग्रेशिएटिंग’ आहे असे म्हटले, की त्या हास्यामागे काहीतरी मागणे दडले आहे असे वाचक समजतो.

‘करी फेवर’ या वाक्प्रचाराचा इतिहास अधिक मनोरंजक आहे. त्यातील ‘करी’चा भोजनातील पदार्थाशी काहीही संबंध नाही. पदार्थाचे नाव सामान्यतः तमिळमधून आलेले मानले जाते. हे ‘करी’ म्हणजे घोड्याला खरारा करणे होय. चौदाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये फोव्हेल नावाच्या घोड्यावर एक उपहासात्मक काव्य रचले गेले. त्याच्या नावातील अक्षरे खुशामत, लोभ, नीचपणा, चंचलपणा, मत्सर आणि भ्याडपणा या सहा दुर्गुणांची आद्याक्षरे म्हणून योजिली होती. राजे आणि धर्माधिकारी त्याला खरारा करण्यासाठी धावतात, असे त्यात दाखविले आहे. इंग्रजीत हे नाव ‘फेव्हेल’ झाले. पुढे सोळाव्या शतकात त्याचा संदर्भ विसरला गेला आणि लोकांनी त्याच्या जागी ओळखीचा ‘फेवर’ हा शब्द बसविला.

प्राण्यांचा आधार इतर शब्दांनाही आहे. ‘फॉन’ हे क्रियापद आनंद दर्शविणाऱ्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आले असून, मालकाभोवती शेपूट हलवीत घोटाळणाऱ्या कुत्र्याचे चित्र ते उभे करते. आपल्याकडील ‘लांगूलचालन’ या संस्कृत शब्दाचाही अर्थ शेपूट हलविणे हाच आहे. ‘टोडी’ म्हणजे लाळघोट्या. पूर्वी भोंदू वैदूचा हस्तक गर्दीसमोर विषारी समजला जाणारा बेडूक खाई, किंवा खाल्ल्याचे सोंग करी. मग वैदू आपल्या औषधाने त्याला ‘वाचवी’. धन्यासाठी बेडूकसुद्धा गिळणारा, असा हा शब्द आहे. ‘सिकोफंट’ हा शब्द ग्रीक. अथेन्समध्ये तो स्वार्थासाठी लोकांवर खटले भरणाऱ्यांना लावीत. इंग्रजीत तो प्रथम चहाडखोर आणि नंतर खुशामतखोर या अर्थाने स्थिरावला.

इंग्रजीत अशा निंदाव्यंजक शब्दांची गर्दी का आहे, याचे उत्तर काही अंशी समाजरचनेत सापडते. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ पदे, धर्मोपदेशकाच्या जागा आणि ग्रंथकारांची उपजीविका धनिकांच्या आश्रयावर अवलंबून होती. सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात आश्रयदात्याची व्याख्या करताना या व्यवहारावर बोचरा प्रहार केला. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीतील मिस्टर कॉलिन्स हे धर्मोपदेशक आपल्या आश्रयदात्रीला खूष करण्याजोगी वाक्ये आधीच जुळवून ठेवतात. जेथे उपजीविका मर्जीवर चालते, तेथे मर्जी मिळविण्याच्या प्रत्येक रीतीला वेगळे नाव मिळते आणि बहुतेक नावांत तिरस्कार उतरतो.

सर्वच प्रयत्न मात्र निंद्य मानलेले नाहीत. ‘विन ओव्हर’ म्हणजे विरोधकाला आपल्या बाजूला वळविणे. ‘कन्सिलिएट’ म्हणजे दुखावलेल्याची समजूत घालून सलोखा करणे. या दोन्हींत प्रयत्न उघड असतो, म्हणून त्यात कमीपणा नाही. तेव्हा शब्द निवडताना दोन प्रश्न विचारावेत : सद्भाव मुद्दाम मिळविला काय, आणि तो मिळविण्यामागचा हेतू लपविलेला होता काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तरच ‘इन्ग्रेशिएट’ वापरावा. त्या तरुण शिक्षकाच्या बाबतीत दोन्ही उत्तरे नकारार्थी होती. ‘एन्डिअर’ या एका शब्दाने त्याला न्याय मिळाला असता.