आदिवासींचे आरोग्य आणि अरण्याची मालकी

आदिवासी मुलखातील रोगराईची चर्चा निघाली, की आपले लक्ष प्रथम औषध, डॉक्टर आणि दवाखाना यांच्या अभावाकडे जाते, आणि तो अभाव खराच असल्यामुळे विचारही बहुधा तेथेच थांबतो. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील गोंड आणि माडिया समाजाचे जीवन जो बारकाईने पाहील, त्याला तेथील अनारोग्याची मुळे जंतूंइतकीच महसुलाच्या दप्तरात आणि वनखात्याच्या हुकुमांतही रुतलेली आढळतील.

मोहाची फुले, चारोळी, कंदमुळे, पावसाळ्यातील रानभाज्या, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब, नदीनाल्यांतील मासे असे नानाविध अन्न पुरविणारे अरण्य हेच या समाजाचे कोठार होते. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी या कोठाराची मालकी सरकारकडे नेली. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत संपली तेव्हाही जंगल गावाला मिळाले नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क निस्ताराची, म्हणजे घरगुती गरजेपुरती वनोपज घेण्याची, सवलत म्हणून उरला. ज्याचे अन्न परवानगीच्या अधीन झाले, त्याचे ताट आकसले. भात आणि मजुरी यांवर संसार आला, गर्भारपणी पोटभर सकस अन्न न मिळालेल्या मातेच्या पोटी कमी वजनाचे मूल आले, आणि हिवताप, न्यूमोनिया व अतिसार यांना ते सहज बळी पडू लागले. पर्लकोटा नदीला पूर आला, की याच जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क तुटतो. मग साध्या आजारालाही प्राणघातक रूप येण्यास वेळ लागत नाही. सिकलसेल हा विकार आनुवंशिक खरा, पण त्याचे निदान केव्हा होते आणि उपचार किती अंतरावर मिळतो, हे समाजव्यवस्थाच ठरविते.

१९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी या जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे कार्य आरंभिले, तेव्हा भिंतींनी वेढलेल्या, नातलगांना दूर ठेवणाऱ्या इस्पितळाची लोकांना भीती वाटते, हे त्यांनी लोकांच्याच तोंडून ऐकले, म्हणून संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीतील रुग्णालय आदिवासी वस्तीच्या घाटाचे झाले, रुग्णासोबत आप्तांना राहता येईल अशी सोय तेथे झाली, आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

पुढचा प्रश्न घरातच जन्मणाऱ्या आणि घरातच दगावणाऱ्या अर्भकांचा होता. अक्षरओळख बेताची असलेल्या सुईणीलाही न्यूमोनिया ओळखता यावा, म्हणून मण्यांची एक साधी पाटी तयार करण्यात आली: वाळूचे घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या छातीकडे पाहत श्वास मोजायचे, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर औषध सुरू करायचे. गावातल्याच शिकविलेल्या आरोग्यदूत स्त्रिया बाळाचे वजन घेऊ लागल्या, त्याला ऊब देऊ लागल्या, गुदमरलेल्या अर्भकाला श्वास देऊ लागल्या, जंतुदोषावर इंजेक्शनही देऊ लागल्या. ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही घरपोच नवजात सेवा देशभर राबविण्यात येऊ लागली.

तथापि वाचलेले मूल वाढायचे तर त्याच्या घरी वर्षभर अन्न हवे, आणि हे काम औषधाच्या पेटीकडून होणार नाही. त्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. जंगल राखणे आणि त्याचे उत्पन्न गावाच्या गरजांसाठी वापरणे, या दोन्ही गोष्टींचा निर्णय ज्या चावडीवर होतो, तेथे कुपोषणाविरुद्धची खरी तटबंदी उभी राहते. तेव्हा आदिवासी तालुक्यात किती दवाखाने उघडले, याची विचारणा करताना किती ग्रामसभांना त्यांचे अरण्य परत मिळाले, हाही हिशेब शासनाकडे आग्रहाने मागितला पाहिजे. आरोग्यखाते आणि वनखाते यांच्या कारभाराचा ताळमेळ बसल्यावाचून या मुलखातील बालमृत्यू कायमचे थांबणार नाहीत.