जाळ्यावर कोण कोण आहे? यंत्रांची हजेरी व तिचे नियम



गळीत हंगामात तुमची उसाची गाडी काट्यावर चढते. वजनाचा आकडा संगणकात जातो, तिथून हिशेब खात्यात पोहोचतो आणि त्यावरून तुमचे बिल निघते. काटा, शेतकी ऑफिस, प्रयोगशाळा, हिशेब खाते, गोदाम या ठिकाणची यंत्रे एकमेकांना जोडलेली असली, म्हणजे त्या जोडणीला नेटवर्क, आपल्या भाषेत जाळे, म्हणतात. आता प्रश्न असा, की त्या जाळ्यावर एकूण यंत्रे किती? "असतील पन्नास-साठ" असे उत्तर पुष्कळ संस्थांत मिळते. शिवारात ऊस किती, याचे असे उत्तर शेतकी अधिकाऱ्याने दिले तर वार्षिक सभेत आपण त्याला सोडू काय? काट्यापासून बिलापर्यंतच्या वाटेवर एखादे अनोळखी यंत्र बसले असेल, तर ते आधी दिसले पाहिजे. म्हणून ही हजेरी घेण्याची पद्धत सभासदांनी समजून घेणे जरूर आहे.

उसाची नोंद जशी होते, तशीच यंत्राचीही होते. एक तर शेतकरी आपण होऊन नोंद देतो, नाही तर चिटबॉय शिवारात फिरून पाहणी करतो.

पहिल्या प्रकारात यंत्र आपली ओळख आपणच सांगते. यासाठी एलएलडीपी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसांत बोलण्याची ठरलेली रीत आहे. आयईईई या संस्थेने तिचे मानक २००५ साली प्रसिद्ध केले. साधारणपणे दर ३० सेकंदांनी यंत्र शेजाऱ्याला आपली ओळख आणि आपण कोणत्या पोर्टाला जोडलेले आहोत ते कळवते. ही नोंद १२० सेकंद टिकते. तेवढ्यात पुन्हा निरोप आला नाही, तर शेजारी ती खोडून टाकतो. निरोप फक्त बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यापर्यंत जातो, पुढे जात नाही. त्यामुळे कोणती तार कुठे जाते, याचा नकाशा आपोआप तयार होतो.

पण यात मेख आहे. यंत्र आपले मॉडेल व सॉफ्टवेअरची आवृत्तीही सांगू शकते, आणि ऐकणारा भला असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक पोर्टावर चारपैकी एक गोष्ट ठरवता येते: फक्त सांगणे, फक्त ऐकणे, दोन्ही, किंवा बंद. आतल्या पोर्टांवर दोन्ही चालू ठेवावे. पाहुण्यांच्या खोलीतल्या किंवा बाहेर जाणाऱ्या पोर्टावर सांगणे बंद करावे.

दुसरा प्रकार फिरून विचारण्याचा. १९८३ साली माईक म्यूस यांनी लिहिलेला पिंग हा प्रोग्रॅम एकेका पत्त्याला हाक मारतो. 'ओ' आली की यंत्र आहे असे समजायचे. तपशील हवा असेल तर एसएनएमपी लागतो. ही रीत १९८८ पासूनची. तिच्या जुन्या आवृत्त्यांत खुणेचा एक शब्द सांगितला की यंत्र माहिती देते. हा शब्द पुष्कळ ठिकाणी 'पब्लिक' असाच राहून गेलेला असतो. म्हणजे कुलूप लावले आणि किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवली! तिसऱ्या आवृत्तीत नाव, पासवर्ड आणि सांकेतिक लिपीची सोय आहे. शक्यतो तीच वापरावी.

काही यंत्रे हाक ऐकूनही गप्प बसतात. पण शेजारच्या यंत्राशी बोलायचे तर त्याचा पत्ता विचारावाच लागतो. हे काम एआरपी ही १९८२ सालची रीत करते. ही पुकार नुसती कान देऊन ऐकली, तरी मुकी यंत्रे सापडतात.

कान देऊन ऐकण्याचे महत्त्व गिरणीच्या बाजूला फार आहे. अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी' या संस्थेच्या औद्योगिक यंत्रणांवरील मार्गदर्शिकेत दोन प्रकार नोंदलेले आहेत. एका ठिकाणी पिंगची फेरी चालू असताना ९ फुटी यांत्रिक हात अचानक जागा होऊन १८० अंशांत फिरला. माणूस टप्प्याबाहेर होता म्हणून वाचला. दुसऱ्या ठिकाणी नुसती यंत्रांची यादी करायला गेले, तर चिप बनवणारी यंत्रणा अडकली आणि ५० हजार डॉलरचा माल वाया गेला. बॉयलर, टर्बाईन, गव्हाण यांचे कंट्रोलर असेच नाजूक असू शकतात. ऐन हंगामात त्यांना हाका मारत सुटणे शहाणपणाचे नव्हे.

यावरून नियम असे ठरवावेत:

१) हजेरी कोणत्या पत्त्यांवर घ्यायची, याची हद्द लेखी असावी.
२) ऑफिसच्या बाजूला फेरी रोज चालेल. गिरणीच्या बाजूला हंगामात फक्त ऐकावे. विचारण्याचे काम हंगाम संपल्यावर, यंत्रे बंद असताना, अभियंत्यासमक्ष करावे.
३) 'पब्लिक' हा शब्द बदलावा. हजेरी घेणाऱ्याला फक्त वाचण्याचा अधिकार द्यावा, फेरफाराचा नव्हे.
४) अनोळखी यंत्र सापडल्यास किती वेळात, कोणी, काय करायचे, हे आधीच ठरवावे. गिरणीच्या बाजूला मात्र चौकशीआधी तार उपटू नये.
५) प्रत्येक यंत्रापुढे जबाबदार माणसाचे नाव असावे.

हजेरी म्हणजे राखण नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. काटाच चुकीचा असेल तर हजेरीला ते कळत नाही. त्यासाठी वैधमापन खात्याची तपासणी व शिक्का वेगळा. पण गावात कोण राहतो हेच ठाऊक नसेल, तर राखणदार राखण तरी कोणाची करणार?

तरी सभासदांनी येत्या सभेत दोन साधे प्रश्न जरूर विचारावेत: जाळ्यावरील यंत्रांची यादी आहे काय? आणि ती शेवटची कधी ताडून पाहिली? आपल्या घामाचे वजन त्याच तारेतून जाते.